टोक जुळलं की स्टिरिओ बोलतो

दिवाळीची साफसफाई निघाली किंवा घराला रंग द्यायचा झाला, की माळ्यावरच्या वस्तू खाली येतात. पितळेचे डबे येतात, पाळण्याच्या दोऱ्या येतात, कुणाच्या तरी लग्नातली समई येते आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला स्टिरिओही येतो. डबे घासूनपुसून परत वर जातात, समई देवघरात विसावते. पण स्टिरिओपाशी सगळ्यांचंच घोडं अडतं. ‘‘टाकून देऊ या का?’’ ‘‘नको गं, बाबांनी किती हौसेनं घेतला होता!’’ ‘‘पण वाजतोय कुठे?’’ एवढी चर्चा होते आणि तो पुन्हा त्याच चादरीतून त्याच माळ्यावर जातो. पुढच्या दिवाळीपर्यंत!

मैत्रिणींनो, न वाजणारा प्रत्येक स्टिरिओ बिघडलेला नसतो. पुष्कळदा आतली यंत्रणा ठणठणीत असते, स्पीकरही शाबूत असतात. बिघडलेलं असतं ते या दोघांना जोडणाऱ्या वायरीचं टोक. ॲम्प्लिफायरमधून निघालेलं गाणं दोन तारांमधून स्पीकरच्या खोक्यापर्यंत जातं. या तारांच्या टोकाला जो प्लग, पिन किंवा चिमटा असतो, त्याला कनेक्टर म्हणतात. सगळ्या संचात सर्वात स्वस्त वस्तू हीच. चहा-वड्याच्या पैशात मिळणारी. पण ती चुकीची बसली, तर एरवी कुठेही न मिळणारा जुना ॲम्प्लिफायर क्षणात जळू शकतो. आणि बरोबर बसली तर वीस वर्षं मुका असलेला सेट गाऊ लागतो. म्हणून आज थोडं या टोकाविषयी.

‘हा कुठला विषय काढला आपल्या पानावर?’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर तेही बरोबरच आहे. घरातली ‘सिस्टिम’ ही पुरुषांची जहागीर आणि तिच्यावरची धूळ तेवढी आपली, अशीच वाटणी बहुतेक घरांत होती. रेकॉर्ड त्यांनी लावायची, आवाज त्यांनी कमी-जास्त करायचा आणि मागच्या वायरींत अडकलेली केरसुणी आपण हलक्या हातानं सोडवायची. ‘हात लावू नकोस, काहीतरी निघेल’ हे वाक्य किती जणींनी ऐकलं असेल! खरं तर त्या वायरी रोज बघणारी, केर काढताना आणि फरशी पुसताना त्या उचलून ठेवणारी बाई घरात एकटीच असते. कोणती वायर सैल झालीय हे तिला सर्वांत आधी कळतं.

आमच्याच घरचं सांगते. सासऱ्यांनी १९७८ साली बोनसच्या पैशातून स्टिरिओ घेतला होता. रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि सागवानी रंगाचे दोन स्पीकर. सासरे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ स्टिरिओही गप्प झाला. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण एकदा दुपारी रेकॉर्डच्या कपाटासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, ‘‘अगं, मला ती माणिक वर्मांची रेकॉर्ड ऐकावीशी वाटते. पण हे असताना मी कधी याला हात लावला नाही. आता कसा लावू?’’ ऐंशी वर्षांची बाई, चाळीसेक वर्षं ज्या खोलीत गाणी ऐकली त्याच खोलीत आपल्या आवडीचं गाणं लावू शकत नव्हती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मेकॅनिकला बोलावलं. त्यानं दारातूनच बघितलं आणि म्हणाला, ‘‘वहिनी, याचे पार्ट आता मिळत नाहीत. त्यापेक्षा ब्लूटूथचा घ्या.’’ पुण्याच्या भाच्यानं मोठ्या मायेनं सोनेरी मुलाम्याचे झकास प्लग पाठवले. ते लावायला गेलो तर बसायलाच तयार नाहीत! कारण आमच्या ॲम्प्लिफायरच्या मागचं भोकच वेगळ्या आकाराचं. एक छिद्र गोल, एक चपटी फट. त्यात बसणारे मूळ प्लग घराच्या डागडुजीच्या वेळी कुणीतरी सोयीसाठी कापून टाकले होते आणि नुसत्या उघड्या तारा लोंबत होत्या. म्हणजे आजार एवढाच होता. बाकी रोगी धडधाकट!

त्यानंतर मी या विषयात शिरले. ज्यांना खरंच कळतं अशा दोन-तीन वयस्क मेकॅनिकांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. त्यातून हाती आलेली एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कनेक्टर निवडायचा तो आपल्या यंत्राचं तोंड बघून. त्याची चमक किंवा किंमत बघून नव्हे. बांगडी हाताच्या मापानं घेतो ना, तसंच. हात बांगडीच्या मापाचा करायचा नसतो!

आधी पाठ बघा

स्टिरिओची परीक्षा पुढून नाही, मागून करायची. प्लग सॉकेटमधून काढा, सेट वळवा आणि ‘स्पीकर’ असं लिहिलेली जागा शोधा. मोबाइलवर तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. जुन्या सेटांवर साधारणपणे पाच प्रकार दिसतात.

पहिला, स्प्रिंगची खिट्टी. लाल आणि काळी अशा दोन छोट्या पट्ट्या असतात. दाबली की भोक उघडतं, तार आत घालायची, सोडली की स्प्रिंग तार पकडते. भारतात विकल्या गेलेल्या पुष्कळ सेटांवर हाच प्रकार आहे. यात नुसती सोललेली तार चालते. पण तार सुटी सुटी होत असेल तर टोकाला बारीक पिनेचं थिंबल दाबून घ्यावं. थिंबल म्हणजे तारेच्या टोकाला पक्कडीनं दाबून बसवायची धातूची टोपी. इलेक्ट्रिकच्या दुकानात हाच शब्द चालतो. जाडजूड सोनेरी प्लग या खिट्टीत जात नाहीत, तेव्हा त्यांच्या मोहात पडू नका.

दुसरा, स्क्रूची पट्टी. काळ्या बेकलाइटच्या पट्टीवर ओळीनं स्क्रू असतात. इथे तार स्क्रूभोवती गुंडाळण्यापेक्षा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखं दोन टोकांचं थिंबल घ्यावं. स्क्रू सैल करायचा, थिंबल खाली सरकवायचं आणि घट्ट आवळायचं. ही जोडणी सर्वांत टिकाऊ. फक्त थिंबलाची रुंदी बेताची हवी. शेजारच्या स्क्रूला ते शिवता कामा नये.

तिसरा, फिरकीची बोंडं. याला बाइंडिंग पोस्ट म्हणतात. लाल-काळी बोंडं फिरवली की खाली आडवं भोक दिसतं. त्यात तार घालून बोंड आवळायचं. काही बोंडांना वरूनही ४ मिलिमीटरचं भोक असतं. त्यात ‘बनाना प्लग’ बसतो. मधे फुगीर, लवचीक पत्र्यांचा, केळ्यासारखा दिसणारा म्हणून बनाना! भाच्यानं पाठवलेले ते हेच. अशी बोंडं असतील तर बनाना प्लग फार सोयीचा. केर काढताना वायर ओढली गेली तरी तो अलगद निघून येतो, ॲम्प्लिफायर टेबलावरून खाली येत नाही.

चौथा, आमच्याकडचा. दोन पिनांचा ‘डिन’ प्लग. डिन हे जर्मनीतल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं आद्याक्षरी नाव. सत्तरच्या दशकातल्या युरोपीय धाटणीच्या सेटांवर हा हमखास सापडतो. यात एक पिन गोल आणि एक चपटी असते. गोल पिन लाल तारेची, म्हणजे अधिकची. चपटी काळ्या तारेची, म्हणजे उण्याची. आकारच वेगळे असल्यामुळे प्लग उलटा बसूच शकत नाही, केवढी सोय आहे बघा! मात्र याच घराण्यातला पाच पिनांचा गोल डिन प्लगही असतो. तो टेपरेकॉर्डर किंवा रेकॉर्ड प्लेअरसाठी, स्पीकरसाठी नव्हे. दुकानात ‘डिन प्लग द्या’ एवढंच म्हटलं तर बहुधा तोच हातात पडतो. म्हणून ‘स्पीकरचा, दोन पिनांचा, एक गोल एक चपटी’ असं पूर्ण सांगायचं.

पाचवा, आरसीए. टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावायचो ना, तोच प्रकार. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीवरून हे नाव पडलं. काही जुन्या सेटांत स्पीकरसाठीही हीच पिन वापरत. घोटाळा असा, की शेजारी ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ची भोकंही अगदी अशीच दिसतात. नाव वाचल्याशिवाय पिन घालू नका. शिवाय ही पिन आत जाताना तिच्या मधल्या टोकाचा आणि कडेचा क्षणभर चुकीचा स्पर्श होऊ शकतो. म्हणून सेट चालू असताना ती कधीही काढू-घालू नये.

दुकानात गेल्यावर

शक्य असेल तर जुना प्लगच पर्समध्ये टाकून न्यावा. तो नसेल तर मोबाइलमधला फोटो दाखवावा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘ताई, काय पाहिजे ते साहेबांना पाठवा ना.’’ मी म्हटलं, ‘‘साहेबांना यातलं काही कळत नाही, मला कळतं. मलाच द्या.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘मेल पाहिजे का...’’ आणि पुढचा शब्द उच्चारताना बिचारे एवढे अवघडले, की मीच म्हटलं, ‘‘मेल. वायरीला लावायचा.’’ तर तेही लक्षात ठेवा. जो आत जातो तो मेल, ज्यात जातो तो फीमेल. बहुतेक वेळा यंत्राला भोक असतं, म्हणून वायरीसाठी मेल लागतो.

तालुक्याच्या गावी डिनसारखे जुने प्लग मिळतीलच असं नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातल्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या मालासाठी प्रसिद्ध जागा. कुणी पाहुणा येणार असेल तर फोटो पाठवून मागवता येतात. ऑनलाइनही मिळतात. घेताना स्क्रूनं आवळायचा प्लग मागा, म्हणजे डाग द्यायची गरज पडत नाही आणि घरी साध्या टेस्टरनं तो बसवता येतो. एखादा जास्तीचा घेऊन ठेवा.

आणि ते सोनेरी? खऱ्या सोन्याचा मुलामा हवेनं काळा पडत नाही, हे खरं. आमच्या रत्नागिरीसारख्या दमट, खाऱ्या हवेत त्याचा उपयोगही होतो. पण सोन्यामुळे गाणं गोड होतं, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. नुसत्या पिवळ्या रंगाचे प्लगही सोनेरी म्हणून खपतात. पकड घट्ट आहे का आणि माप जुळतंय का, या दोन गोष्टी आधी बघायच्या.

वायरीबद्दलही दोन शब्द. तार जितकी बारीक आणि लांब तितका तिचा अडथळा जास्त. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली तर तिचाच अडथळा ०.४ ओहमच्या जवळपास जातो. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरच्या पाच टक्के. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर तो त्याच्या एक तृतीयांशावर येतो. घरातल्या खोलीसाठी १ ते १.५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी लवचीक वायर भरपूर झाली. याहून जाड घेतली तर ती जुन्या खिट्टीत शिरतच नाही. वायर तांब्याचीच आहे ना, हेही बघा. ब्लेडनं एक तंतू हलकेच खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम समजावं. त्याचा अडथळा जास्त असतो आणि टोकं लवकर खराब होतात.

वात वळावी तशी तार

आता प्रत्यक्ष काम. सेटचा प्लग भिंतीतून काढलेला आहे, हे पुन्हा एकदा बघा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. ॲम्प्लिफायरचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या भागांत काही काळ वीज साठलेली असते. आपलं काम सगळं बाहेरच्या बाहेर.

वायरीचं टोक साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढं सोलायचं. ब्लेड फिरवताना आतले तंतू कापले जाऊ नयेत. मग ते तंतू समईची वात वळतो तसे एकाच दिशेनं घट्ट वळायचे. हे काम आपल्याइतकं सुबक कोण करणार? एकही तंतू बाहेर फुरफुरता कामा नये. सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी.

असं का म्हणते? ओळखीच्या एका घरी जुना ॲम्प्लिफायर होता. स्प्रिंग सैल झाली म्हणून कुणीतरी वायरी भोकात खुपसून आगकाडीची पाचर मारून ठेवली होती. आपल्याकडे हा उपाय सर्रास चालतो. काही महिने छान चाललं. एक दिवस लाल तारेचा केसाएवढा तंतू सुटून काळ्या तारेला टेकला. कुणीतरी आवाज वाढवला, जळका वास आला आणि ॲम्प्लिफायर कायमचा बंद. हल्लीच्या यंत्रांत अशा वेळी आपोआप बंद होण्याची सोय असते. जुन्या पुष्कळ सेटांत ती नसते. दोन तारा एकमेकींना टेकल्या की आतले ट्रान्झिस्टर जळतात. एका आगकाडीची बचत केवढ्याला पडली!

व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या दिव्यांसारख्या नळ्या असलेला सेट असेल, तर त्याचं पथ्य आणखी वेगळं. तो स्पीकर जोडल्याशिवाय चालूच करू नये. भार नसताना त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो. अशा सेटाच्या बाबतीत सैल कनेक्टर म्हणजे थेट धोकाच.

वळलेल्या टोकावर सोल्डरचा डाग देऊन ते कडक करायची बऱ्याच जणांना सवय असते. पण ते टोक स्क्रूखाली आवळायचं असेल तर डाग देऊ नका. कथील-शिशाची ही मिश्रधातू मऊ असते. दाबाखाली ती हळूहळू चपटी होते आणि सहा महिन्यांनी स्क्रू सैल झालेला आढळतो. त्यापेक्षा थिंबल दाबून घेतलेलं बरं.

भोकं आणि स्क्रू काळे पडले असतील तर? तांब्याची भांडी आपण चिंच-मीठ लावून लख्ख करतो. इथे मात्र ते चालणार नाही. आंबटपणा आणि मीठ फटीत राहून जातं आणि धातू आतून खात राहतं. पितळ घासायची पावडरही नको. वरवरचा काळेपणा साध्या खोडरबरानं निघतो. आतल्या फटीसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा कापसाच्या काडीवर घेऊन फिरवावा आणि पूर्ण वाळू द्यावं.

लाल आणि काळी

‘‘दोनच तर तारा आहेत, कशाही लावल्या तरी आवाज येतोच की!’’ येतो, पण कसा? एका स्पीकरची तार सुलटी आणि दुसऱ्याची उलटी लागली, की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोघं एकमेकांचा खर्जातला आवाज मारून टाकतात. गाणं ऐकू येतं, पण तबल्यातला डग्ग्याचा घुमारा हरवतो. सगळं कसं पोकळ, पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं.

तपासायची युक्ती अगदी सोपी. जुन्या भावगीतांच्या, नाट्यपदांच्या कितीतरी रेकॉर्ड मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणाऱ्या. अशी एक लावा आणि दोन्ही खोक्यांपासून सारख्या अंतरावर मधोमध बसा. जोडणी बरोबर असेल तर गायिका जणू दोन खोक्यांच्या मधे, समोर बसून गातेय असं वाटतं. उलटसुलट झाली असेल तर आवाज नक्की कुठून येतो तेच कळत नाही. मग सेट बंद करून, प्लग काढून, एकाच स्पीकरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावायच्या. दोन्ही स्पीकरच्या नव्हे, एकाच्याच!

वायरीवरचे रंग उडाले असतील, तर पेन्सिल सेलची मदत घ्या. स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवा. दीड व्होल्टच्या सेलचं अधिक टोक एका तारेला, उणं दुसऱ्या तारेला क्षणभर टेकवा. ‘टप्’ असा आवाज येईल आणि मोठ्या स्पीकरचा कागदी पडदा हलेल. बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाची तार लाल समजायची. दोन्ही स्पीकर सारखेच वागले पाहिजेत, हे महत्त्वाचं. ओळखलेल्या तारेवर लगेच नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या. पुन्हा शोधायला नको.

एका बाजूनं खरखर येत असेल, तर दोष कुठे आहे तेही घरीच कळतं. सेट बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. खरखर त्याच खोक्यात राहिली तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. दुसऱ्या खोक्यात गेली तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे. एवढं सांगता आलं तर मेकॅनिक तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलतो, हा माझा अनुभव आहे!

आमच्या घरी दोन डिन प्लग बसले, पण रेकॉर्ड प्लेअरचा रबरी पट्टा आणि सुई बदलावी लागली. ते काम जाणत्या मेकॅनिकनं केलं. बरीच वर्षं बंद असलेला ॲम्प्लिफायर एकदम चालू करू नये, आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, हेही त्यानंच सांगितलं आणि आधी तपासून दिलं. स्पीकरच्या वायरी मात्र मी सासूबाईंकडूनच लावून घेतल्या. थरथरत्या बोटांनी त्यांनी प्लग धरला, गोल पिन गोल छिद्रापाशी आणली आणि आत ढकलली. ‘खट्’ झालं. ‘‘एवढंच?’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढंच, आई,’’ मी म्हटलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘एवढ्याचीच भीती घालून ठेवली होती होय मला!’’ आता दुपारी चार वाजता त्यांचा चहा आणि माणिक वर्मा असा बेत असतो. आवाज किती ठेवायचा ते त्याच ठरवतात.

हे मात्र नको

स्पीकरच्या वायरीला लाइटचा दोन पिनांचा प्लग कधीही लावू नका. कुठे कुठे अशी पद्धत होती. घरात लहान मूल असेल, तर तो प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये जायला वेळ लागत नाही. स्पीकर तर जातोच, मुलाच्या जिवालाही धोका. बनाना प्लगबद्दलही हीच काळजी घ्यायला हवी. त्याची जाडी ४ मिलिमीटर, म्हणजे मोबाइलच्या चार्जरच्या गोल पिनेसारखीच. तो भिंतीतल्या भोकात सहज जाऊ शकतो. युरोपात या कारणासाठी बाइंडिंग पोस्टची भोकं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करून विकतात. म्हणून वायर आधी ॲम्प्लिफायरला जोडून मगच इकडेतिकडे वळावं. सुटं टोक जमिनीवर लोळत ठेवू नये.

नवा प्लग बसावा म्हणून जुन्या सेटाच्या पाठीला भोकं पाडू नका, मूळ सॉकेट उपटून टाकू नका. एकदा कापलेलं परत येत नाही. जुन्या प्लगलाच वीतभर वायर जोडून पुढे हवा तो कनेक्टर लावता येतो. यंत्र आहे तसं राहतं आणि सोयही होते. बदलायचं ते तारेचं टोक, यंत्र नव्हे.

वायर भिंतीच्या कडेनं न्या, दाराच्या फटीतून नको आणि गालिच्याखालूनही नको. मागे थोडी ढील ठेवा, म्हणजे फरशी पुसताना सेट पुढे घेता येतो. ओल्या फडक्याचं पाणी कनेक्टरवर उडू देऊ नका. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सगळे प्लग काढून, पुसून परत लावले तरी पुष्कळ काम भागतं.

आणि हे सगळं झालं की एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. डावा स्पीकर कुठे, उजवा कुठे, लाल कुठली, काळी कुठली, आधी काय चालू करायचं आणि बंद करताना आधी काय. हा कागद सेटाच्या पाठीला चिकटवून ठेवा. घरातली ज्या कुणाला आजवर ‘हात लावू नकोस’ असं सांगितलं गेलं असेल, तिला तो कागद एकदा वाचून दाखवा आणि जोडणी तिच्याच हातून करून घ्या.